फक्त तक्ते

मला लोक विचारतात, अक्षरांची एवढी चांगली चाललेली कामं सोडून तुम्ही तक्ते का धरलेत? विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधीच लिहिलेलं असतं की बायको गेली आणि याचं डोकं फिरलं. माझं डोकं ठिकाणावर आहे. काय झालं ते एकदाच सांगतो, म्हणजे दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत बसायला नको.

आमचं डिझाइनचं काम. टायरच्या दुकानावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत दोन टेबलं समोरासमोर, मागच्या खोलीत प्रिंटर, कागदाचे गठ्ठे आणि चहाची शेगडी. खाली टायरमधली हवा सोडली की वर आमच्या पेल्यातले ब्रश थरथरायचे. एका टेबलाशी माझी बायको बसायची, दुसऱ्याशी मी. ती अक्षरं काढायची. पुस्तकांची नावं, दुकानांच्या पाट्या, साबणाच्या वेष्टनावरचं नाव, जे जे मोठं आणि देखणं दिसायला हवं ते सगळं तिचं. चपट्या ब्रशने, हाताने. उरलेलं माझ्याकडे. दरपत्रकं, बसची वेळापत्रकं, औषधाच्या खोक्यात घडी करून घातलेला तो बारीक छपाईचा कागद, विजेच्या बिलाचा नमुना. म्हणजे ज्याच्याकडे बघून कोणी कधी वा म्हणत नाही ते.

ती मला चौकटराव म्हणायची. "चौकटराव, चहा कपात ओतू की रकान्यात?"

मी म्हणायचो, "तुझी अक्षरं फार ऐसपैस बसतात. पानात मावत नाहीत."

"माझी अक्षरं जेवायला बसलीत. तुझी दवाखान्यात रांगेत उभी आहेत, तोंडं पाडून."

गिऱ्हाईक समोर असलं तरी हे चालायचं. नवख्या गिऱ्हाइकाला वाटायचं, नवरा-बायकोचं बिनसलंय, आपण उगाच मध्ये आलो.

मग ती आजारी पडली आणि गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही. ते माझ्याजवळच राहू दे.

तिच्या टेबलावर अर्धी कामं राहिली होती. त्यात एका प्रकाशकबाईंच्या पुस्तकांची नावं होती. मी त्यांना फोन करून सांगितलं, "ही कामं आता मला पूर्ण करावी लागतील. चालेल का?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जमत असेल तर करा, नाहीतर मी थांबते." कामं पोचवायची तर होतीच. मी ब्रश हातात घेतला.

पहिले कितीतरी कागद वाया गेले. वळण बरोबर यायचं, पण अक्षर मेलेलं दिसायचं. मग एक गोष्ट लक्षात आली. मी इतकी वर्षं तिच्या समोर बसलो, म्हणजे तिचं अक्षर कागदावर उतरताना मी कायम उलटंच पाहिलं होतं. माझ्या डोळ्यांना तिचा हात ओळखीचा होता तो डोक्यावर उभा. मी कागद फिरवला आणि अक्षरं उलटी काढायला लागलो. शिरोरेषा खाली, पाय वर. काढून झालं की कागद सरळ करायचा. जमलं. इतकं जमलं की पहिल्यांदा कागद सरळ केला तेव्हा मी उठून मागच्या खोलीत जाऊन उभा राहिलो.

कामं पूर्ण झाली. पण ती बघून आणखी कामं आली. फळांच्या दुकानाची पाटी, गाड्यांच्या शोरूमचं नाव, आणखी पुस्तकं. सगळ्यांना तीच अक्षरं हवी होती. मी देत गेलो, खाली नाव तिचंच घालून. दिवस निघून जात होते आणि हाताला काम होतं, तेवढंच मला तेव्हा पाहिजे होतं.

असं वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी प्रकाशकबाई स्वतः जिना चढून आल्या. बरोबर माझा मेहुणा. तो जाहिरात कंपनीत आहे, त्यांची ओळख त्यानेच करून दिली होती. माझी मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. मामाने बोलावलं म्हणून तीही दवाखान्यातून जेवणाच्या सुट्टीत आली, अंगात पांढरा कोट तसाच. एवढी माणसं आमच्या ऑफिसात एकदम कधी बसली नव्हती. मेहुण्याला कागदाच्या गठ्ठ्यावर बसावं लागलं.

प्रकाशकबाई मुद्द्यावर आल्या. त्यांच्या सगळ्या पुस्तकांची नावं यापुढे याच अक्षरांत येणार. जुनी पुस्तकंही नव्याने काढणार. काम पुढची काही वर्षं पुरेल इतकं. "फक्त एक आहे," त्या म्हणाल्या. "मला यातच मुरलेला माणूस हवा. बाकीची किरकोळ कामं तुम्हाला बंद करावी लागतील."

"किरकोळ म्हणजे?"

"म्हणजे हे." त्यांनी माझ्या टेबलावरचं बसचं वेळापत्रक दोन बोटांनी उचललं आणि परत ठेवलं.

मेहुणा सरसावून बसला. "भाऊजी, मी ताईलाही हेच सांगायचो. आता जमाना स्पेशलायझेशनचा आहे. सगळं करणाऱ्याला कोणी विचारत नाही. एक धरायचं आणि त्यात नाव काढायचं. तुमच्याकडे तर सोन्याची खाण आहे." त्याने भिंतीवर टाचणीने लावलेल्या कागदांकडे हात केला. "हे बघा ना. हे ताईचं सगळ्यात भारी काम. काय वळण आहे! या एका कागदावर मी तुम्हाला दहा गिऱ्हाइकं आणून देतो."

"ते माझं आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"मी काढलंय. गेल्या हिवाळ्यात."

खाली कोणीतरी नट आवळत होतं. मला वाटलं, आता हा ओशाळेल. मेहुण्याने मांडीवर थाप मारली. "मग प्रश्नच मिटला! मला ओळखता आलं नाही, सख्ख्या भावाला! जगात कोणाला ओळखता येणार?"

प्रकाशकबाई हसल्या. मुलगी हसली नाही. ती कागदाकडे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, खरंच घे हे काम. तू नाही काढलंस तर आईचं अक्षर संपेल."

मेहुण्याचं बोलणं मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं असतं. हे सोडता आलं नाही. मी विचार करायला आठवडाभर मागून घेतला. प्रकाशकबाई जाताना एक नाव देऊन गेल्या, नव्या पुस्तकाचं. 'निळा दरवाजा उघडा ठेवा.' म्हणाल्या, "तोवर हे करून बघा. हात चालू राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते करायला बसलो. कागद फिरवला. नि झाला, ळ शी अडलो. तिचा ळ अवघड होता. तिच्या टेबलाला एक मोठा खण आहे, त्यात ती काढलेली अक्षरं ठेवायची, नंतर मीही ठेवत गेलो. सुटी अक्षरं, रद्द केलेली नावं, पहिले प्रयत्न. मी त्यातून एक चांगला ळ शोधून काढला, समोर ठेवला आणि त्यावरून काढला. छान आला. मग घडी घातलेला तो कागद परत ठेवायला उचलला, तो उलगडला आणि त्यावर पूर्ण नाव दिसलं. 'फळांचं घर'.

ते दुकान ती गेल्यानंतर उघडलेलं आहे.

म्हणजे तो ळ माझा. मी तिचा समजून माझ्याच ळ वरून ळ काढत होतो.

मी कपाटातून तिचं एक छापलेलं जुनं पुस्तक काढलं, ज्याबद्दल शंकाच नाही असं. त्यातला ळ बघितला. तिच्या ळ चे दोन गोल कधीच सारखे नसायचे. डावा भरलेला, उजवा जरा लोंबणारा, आणि सगळं अक्षर किंचित शेजारच्याच्या अंगावर रेललेलं, गप्पा मारायला वाकल्यासारखं. माझा ळ ताठ होता. दोन्ही गोल सारखे. मी तक्ते करणारा माणूस. दोन गोष्टी शेजारी आल्या की माझा हात त्या आपोआप सारख्या करतो. पहिल्या नकलेत थोड्या सारख्या केल्या असतील, मग त्या नकलेची नक्कल करताना आणखी थोड्या. आणि भिंतीवरचा जो कागद मेहुण्याला सगळ्यात भारी वाटला, त्यातही ळ तसाच होता. नीटनेटका. लोकांना माझी नीटनेटकी बायको जास्त आवडायला लागली होती. माझी बायको नीटनेटकी नव्हती. तिच्या टेबलावर पाण्याचा पेला आणि शाईचा पेला शेजारी असायचे आणि ती बोलता बोलता चुकीच्या पेल्याकडे हात न्यायची.

खणातले बाकीचे कागद मी एक एक करून टेबलावर ठेवले. ज्यांवर पुस्तकाचं किंवा दुकानाचं पूर्ण नाव होतं त्यांचं सांगता येत होतं. सुट्या अक्षरांचं नाही. कागद तिचाच, शाई तिचीच, ब्रशही तेच. एक ह हातात धरून मी किती वेळ बसलो असेन. माझा आहे की तिचा, मला सांगता येईना.

मी मुलीला फोन केला. "काम आटपलं की ये. आईची अक्षरं ओळखायचीत."

"त्यात काय ओळखायचं? मी झोपेतसुद्धा ओळखीन."

"जागी असतानाच ये."

ती आली, हात धुतले आणि तिच्या आईच्या खुर्चीत बसली. मी ज्यांचं मूळ मला पक्कं माहीत होतं असे कागद आधी तिच्यापुढे ठेवले.

"हे आईचं."

"हे शोरूमचं. या उन्हाळ्यात केलं."

"बरं. हे आईचं."

"हो."

"बघ! हे पण आईचं."

"हे माझं."

"हे तुझं."

"हे तिचं. तू शाळेत असताना काढलेलं. तेव्हा तिला घाई होती, तुझ्या शाळेत काहीतरी होतं आणि ती निम्म्यातून उठून गेली."

मुलीने तो कागद खाली ठेवला. परत उचलला. "थांब, घाई करू नकोस मला." पुढचे तिने उजेडाला धरून बघितले, नखाने शाई खरवडून बघितली, एकाचा वासही घेतला. निम्मे चुकले. तिच्या कपाळावर तिच्या आईसारखी आठी चढली आणि ती माझ्यावरच भडकली.

"इतकं हुबेहूब कशाला काढलंस तू? जरा वाईट काढता आलं नाही?"

"काम होतं. वाईट काढून कसं द्यायचं?"

"तुझं म्हणजे ना बाबा!"

आम्ही तीन गठ्ठे केले. एक तिचा, एक माझा, एक माहीत नसलेला. तिसरा बघता बघता सगळ्यात जाड झाला. मुलगी त्याच्याकडे बघत बसली, एखाद्या पेशंटच्या एक्स-रेकडे बघावं तशी.

"अक्षर बदलतंच की," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "आई असती तरी तिचंही बदललं असतं."

"तिने बदललं असतं तर गोष्ट वेगळी. मी बदलतोय. आणि कोणाला पत्ता नाही. तुझ्या मामाला नाही, तुला नाही. दुपारी ळ काढताना मलाही नव्हता."

"मग काय करायचं? बंद करायचं? म्हणजे ती परत एकदा..." तिने वाक्य पुरं केलं नाही.

"अगं, ती गेली तेव्हा एवढं तरी उरलं होतं की हे तिचं आणि ते माझं. आता तेही जायला लागलंय. मी जितकं जास्त काढीन तितका हा तिसरा गठ्ठा वाढेल आणि हा पहिला त्यात बुडेल. पाच वर्षांनी लोक म्हणतील, वा, काय अक्षर आहे बाईंचं, आणि ते माझं असेल. त्यांना जे आवडेल ते माझं असेल. मग तिचं बघून म्हणतील, हे जरा वाकडंच आहे नाही?"

"आणि पोट?"

"पोटाचं बघतो मी."

तिने तिसऱ्या गठ्ठ्याला दोरी बांधली आणि वरच्या कागदावर बॉलपेनने 'माहीत नाही' असं लिहिलं. तिचं अक्षर तिच्या आईसारखंही नाही आणि माझ्यासारखंही नाही. डॉक्टरांच्या संगतीने बिघडलेलं आहे. कोट हातावर टाकून जाताना ती म्हणाली, "मला अजून पटलेलं नाही हं."

"नको पटू दे. तू इथे आलीस, बसलीस, झालं."

आठवडा संपला तेव्हा मी प्रकाशकबाईंच्या ऑफिसात गेलो. मेहुणा आधीच येऊन बसला होता, करारनाम्याचे कागद समोर, पेनाचं टोपण काढून. मी बसण्याआधीच सांगितलं, "मी हे काम घेणार नाही."

मेहुण्याने टोपण परत लावलं. प्रकाशकबाईंनी मला पाणी दिलं. चांगल्या बाई आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, "काही अडचण आहे का? काम जास्त वाटतंय?"

मी ळ ची गोष्ट सांगितली. दोन्ही ळ बरोबर नेले होते, ते त्यांच्या टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा लावून बघितले.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "मला तुमचा जास्त आवडला. आणि वाचकाला तर फरक कळणारच नाही."

"मला कळतो. आणखी वर्षभर काढली तर मलाही कळणार नाही. म्हणून आत्ताच थांबतोय."

"मग त्यांच्यासारखी नका काढू. तुमच्या पद्धतीने काढा. तुमचा हात चांगला आहे."

हे बोलणं चुकीचं नव्हतं. मीही ते घरी करून बघितलं होतं, कागद सरळ ठेवून, कोणाचा हात न आठवता. जे आलं ते औषधाच्या खोक्यावरच्या सूचनेसारखं दिसत होतं. मी त्यांना तसं सांगितलं. "माझ्या पद्धतीने काढलं की तक्ताच होतो, बाई. तुमच्या कादंबरीवर 'जेवणानंतर घ्यावे' असं लिहिल्यासारखं दिसेल."

त्या हसल्या. मेहुण्याला हसू आलं नाही. "भाऊजी, थट्टा पुरे. तुम्ही करणार काय? परत ती बसची वेळापत्रकं?"

"परत नाही. आता तेवढंच. वेळापत्रकं, बिलं, औषधांची माहितीपत्रकं. रेघा आणि रकाने. दुसरं काही घेणार नाही. तूच म्हणालास ना, एक धरा? धरलं."

"मी हे धरा म्हणालो नव्हतो!"

"कुठलं ते तू सांगायचं राहिलं, मग मी ठरवलं."

"अहो, तक्त्यात कोणी नाव काढलंय का आजपर्यंत? तक्त्याला कोणी बक्षीस देतं? तक्त्याखाली कोणी सही करतं?"

"नाही. म्हणून तर." मला त्या दिवशी पहिल्यांदा जरा चेव आला. "कोणी ओझं घेऊन बसथांब्यावर येतो. वर बघतो, त्याची बस कधी ते त्याला दिसतं, तो जातो. मागे वळून वा म्हणत नाही. माझं काम चुकलं तर तो शिव्या देईल, बरोबर असलं तर त्याला माझी आठवणही येणार नाही. मला हे पहिल्यापासून आवडतं. मला कोणी विचारलंच नाही. सगळ्यांना वाटायचं, बायको अक्षरं काढते म्हणून बिचारा रेघा मारतो. मी बिचारा नव्हतो. मला रेघा मारायच्या होत्या."

मेहुणा उठून उभा राहिला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवायला मोठ्याने बोलत होता. "ताईचं नाव पुसताय तुम्ही. एवढंच सांगतो. तिचं नाव पुसताय."

मला हे लागलं. लागणारच होतं, त्याची बहीण होती. पण मी तयार होतो.

"तिचं नाव तिच्या कामाखाली आहे," मी म्हणालो. "ते तसंच राहणार. माझ्या कामाखाली ते घालणं बंद करतोय. तुला ताई बघायची असेल तर पहिला गठ्ठा माझ्याकडे आहे, केव्हाही ये. पण त्यात जे आहे तेवढंच आहे. त्यात भर पडणार नाही. तू रडलास तरी नाही आणि मी उपाशी मेलो तरी नाही."

तो निघून गेला. बरेच दिवस बोलला नाही. प्रकाशकबाईंनी करारनामा खणात ठेवला आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. "चुकताय तुम्ही," त्या म्हणाल्या. "पण चुकायचा तुम्हाला हक्क आहे." मी म्हणालो, "चुकत नाहीये, आणि हक्क मी मागितला नव्हता." नंतर वाटलं, इतकं तोडून बोलायला नको होतं. पण परत गेलो नाही.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. कामं कमी झाली. बस डेपोच्या व्यवस्थापकांकडे जाऊन मी स्वतःच सांगितलं की शहरातल्या सगळ्या थांब्यांचे तक्ते द्या, मी करतो. ते म्हणाले, "एवढ्या खालच्या कामाला तुम्ही कशाला? तुम्ही तर ते अक्षरवाले ना?" मी म्हणालो, "ती माझी बायको. मी तक्तेवाला." त्यांनी अर्धे दिले, बाकीचे बघू म्हणाले. काही ठिकाणी फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा माणूस खूश होतो, आणि काय करतो ते सांगितलं की त्याचा आवाज पडतो. पडू दे.

मुलगी अजून अधूनमधून टोमणा मारते. परवा जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन वर आली होती. जिन्यात मी पांढऱ्या पत्र्यावर, छापील अक्षरांत एक पाटी लावली आहे. 'फक्त तक्ते.' ती बघून म्हणाली, "बाबा, निदान 'उत्तम तक्ते' तरी लिहायचं."

"उत्तम आहेत की नाहीत ते थांब्यावर जाऊन बघ."

आम्ही जेवत होतो तेवढ्यात एक माणूस आला. गाडी चालवायला शिकवण्याचा क्लास काढला होता त्याने, कोपऱ्यावरच. हातात किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर घाम. त्याने पाटी वाचलेली नव्हती, किंवा वाचून सोडून दिली होती.

"इथे ती छान अक्षरं काढतात ना? फळांच्या दुकानासारखी? मला क्लासचं नाव तसं करून पाहिजे. मोठं. गाडीच्या टपावर लावायचंय."

मुलीने घास हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"नाव दुसरीकडून करून घ्या," मी म्हणालो. "मी पत्ता देतो. तिथली मुलगी चांगलं काढते."

"पण मला तीच अक्षरं पाहिजेत."

"ती मिळणार नाहीत."

"जास्त वेळ लागला तरी चालेल."

"वेळाचा प्रश्न नाही. मिळणार नाहीत."

तो अवघडला. जिन्याकडे वळला, मग परत फिरला. "मग तुम्ही काय करता?"

"तुमच्याकडे गाड्या किती?"

"तीन. का?"

"आणि शिकायला येणारे? कोण कुठल्या गाडीवर, कुठल्या वेळेला, हे त्यांना कसं कळतं?"

त्याने जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "फळ्यावर लिहितो आम्ही. रोज कोणीतरी टेकतं आणि पुसतं. काल दोघं एकाच सीटवर बसून हमरीतुमरीवर आले होते. एक तर म्हणाला, मी उतरणारच नाही."

मुलगी फिस्सकन हसली आणि तिला ठसका लागला. मी डबा बाजूला सरकवला, टेबल पुसलं आणि पट्टी काढली.

"बसा," मी त्याला म्हणालो. "आधी तुमच्या वेळा सांगा. सकाळपासून सुरू करा."